नवरदेवाचा वस्तरा

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज तेजस्वी येऊन गेली. ती कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि आमच्या छंदप्रेमी मंडळाची चिटणीस. अकरा जानेवारीला टिळकवाडीतल्या एका शाळेच्या हॉलात मंडळाचं प्रदर्शन आहे. नाणी, काड्यापेट्या, जुनी कुलुपं दरवर्षी असतातच. यंदा पहिल्यांदा माझे वस्तरे मांडायचे आहेत. "गोपाळकाका, कुठला वस्तरा कसा मिळाला ते रोज थोडं लिहून ठेवा, मी त्यातनं कार्डं तयार करते," असं सांगून ती गेली. म्हणून ही वही काढली. कार्डापुरतं तिला वाचून दाखवीन. बाकीचं माझं मला.

माझ्याकडं अकरा वस्तरे आहेत. दाढीचे नव्हेत, दाखवायचे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड-जर्मनीतले कारागीर मोठमोठ्या प्रदर्शनांत आपलं कसब दाखवायला म्हणून असे वस्तरे करत. पात्यावर बारीक चित्रं, मुठीला शिंपला नाहीतर शिंग, चांदीच्या खिळ्या. त्यांनी कुणाची दाढी करावी अशी अपेक्षाच नसे.

पहिला मला बारा वर्षांपूर्वी खडेबाजारात जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला, पितळी अडकित्त्यांच्या ढिगाखाली. पात्यावर पाच कमानींचा पूल. मी नोकरीभर पुलांचेच नकाशे काढले. घरी आणून भिंगाखाली कमानीतला दगड न् दगड तपासला. सगळे बरोबर बसवलेले. माझ्या स्वतःच्या दोन नकाशांबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून आणखी एक लिहितो. मला वस्तऱ्याची भीती वाटते. पंचविसाव्या वर्षी दाढीला बसलो असताना दाढी करणाऱ्याला शिंक आली आणि माझ्या डाव्या कानाखाली दोन टाके पडले. तेव्हापासून मी दाढी ठेवली आहे. घरीच कात्रीनं छाटतो. लग्नातही होती. चौतीस वर्षांच्या संसारात नीलानं माझी हनुवटी पाहिलेली नाही. दाढीवाल्या माणसाला वस्तऱ्यांचा छंद, म्हणून लोक हसतात. मीही हसतो.

५ डिसेंबर

तेजस्वीचा फोन. माझ्या वस्तऱ्यांबद्दल तिनं वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझ्या लग्नात निपाणीला माझी दाढी चित्राच्या वस्तऱ्यानं केली होती." सोन्याचं चित्र. करणाऱ्याचं नाव नागोजी. तो माणूस अजून आहे म्हणे.

जेवण धड गेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

निपाणीला जाऊन आलो. नीलाही आली. इथं बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळं ती कुठंही यायला एका पायावर तयार असते. विधानसभेच्या अधिवेशनामुळं हायवेला जागोजागी पोलीस होते, त्यात वेळ गेला. तवंदीचा घाट उतरला की तंबाखूचा वास सुरू होतो. घरी येईपर्यंत तो कपड्यांना धरून असतो.

दुकान सापडलं. पुढं सलून आहे, ते नागोजींचा मुलगा मष्णू चालवतो. आरसे, फिरत्या खुर्च्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड. मागच्या अंगणात नागोजी बाजल्यावर बसले होते. वय ब्याऐंशी, कानाला मफलर. नात सौम्या चहा घेऊन आली. बी.कॉम. झाली आहे आणि हल्ली एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला जाते. नागोजींनी कप दोन्ही हातांनी धरला होता तरी बशीत बराच चहा सांडला. थंडी होतीच. नातीनं त्यांच्या हातातनं कप अलगद काढून घेतला आणि सदऱ्याचं राहिलेलं बटण लावून दिलं. आजच्या काळात एवढं प्रेम बघायला मिळत नाही.

मग नागोजींनी हत्यारांची धोकटी उघडायला सांगितली आणि सौम्यानं वस्तरा काढला.

पातं माझ्या कुठल्याही वस्तऱ्यापेक्षा रुंद. वरच्या अंगाला सोनेरी मुलामा अजून शाबूत. चित्र शिकारीचं आहे. दोन घोडेस्वार, नऊ कुत्री आणि पात्याच्या टोकाला उडी घेतलेलं हरीण. मुठीला शिंपला, निळसर झाक असलेला. बरं झालं, हस्तिदंत असता तर कायद्यानं मला हातही लावता आला नसता. मी भिंग लावलं. कुत्र्यांना पाय नव्हते. धार लावून लावून पात्याची खालची कड झिजली होती आणि तिच्याबरोबर नऊच्या नऊ कुत्र्यांचे पाय गेले होते.

"हा कुणी वापरला?" माझा आवाज चढला असावा.

"आमीच की," नागोजी म्हणाले. "एका जहागीरदारानं विलायतेसनं आणलता. त्येच्या लेकाची लग्नातली दाढी माझ्या आज्ज्यानं केली, तवा खूश हून दिला. तवापासनं ह्यो फकस्त नवरदेवाला लावायचा. दुसऱ्या कुनाला न्हाय."

"अहो, पण हा नुसता बघायचा असतो."

"त्ये तुमास्नी कुनी सांगितलं?"

मी प्रदर्शनाचं सांगितलं. हा वस्तरा मधोमध मांडीन, कार्डावर तुमच्या घराण्याचं नाव लिहीन, पुढंही जपून ठेवीन. आम्ही बोलत होतो तेवढ्यात सौम्यानं खुंटीला अडकवलेला चामडी पट्टा ताणून धरला आणि वस्तरा त्यावर फिरवायला लागली. एकीकडं नीलाशी पार्लरबद्दल बोलत होती. हाताकडं बघतसुद्धा नव्हती. मुलीला हाताला काहीतरी चाळा लागतो असं दिसतं.

नागोजी शेवटी म्हणाले, "न्या की, सायेब. मी आता काय करनार त्येला ठिवून. पन आदी येकदा ह्येच्याखाली बसायचं. दाढी करून घ्यायची, मग न्यायचा."

"पण तो फक्त नवरदेवाला लावतात ना?"

"मग व्हा की नवरदेव. बाईसाब तर संगटच आल्यात."

नीला इतका वेळ हसली की सलूनमधनं मष्णू डोकावून गेला.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "त्या मुलीची बोटं बघितलीत का?"

"नाही. का?"

"काही नाही," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

१२ डिसेंबर

जायचं नाही असं ठरवलं.

१३ डिसेंबर

रात्री स्वप्नात नऊ कुत्री आली. पाय नसून धावत होती.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अजून निर्णय नाही. सकाळी आरशासमोर उभा राहून दाढी हातानं झाकून बघितली. खाली कोण आहे ते मलाच आठवत नाही. हनुवटी बसकी निघाली तर? एकसष्टाव्या वर्षी माणसानं आपल्या चेहऱ्याबद्दल नवीन काही ऐकून घ्यायला लागू नये.

नीला सकाळीच संकेश्वरला मावशीकडं म्हणून गेली, ती पाचला आली. लुगड्याला तंबाखूचा वास येत होता. हल्ली सगळ्याच बसमध्ये येतो. "मावशी कशी आहे?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कोण मावशी? हां, बरी आहे." ही पण आता विसरायला लागली. दोघांपैकी एकानं तरी लक्षात ठेवायला हवं.

चहा पिता पिता म्हणाली, "जाऊया आपण. मी शेजारी बसते, तुमचा हात धरते. एवढा सुंदर वस्तरा पुन्हा मिळणार नाही." नीलाला आतापर्यंत माझा एकही वस्तरा सुंदर वाटलेला नाही. मला फार बरं वाटलं.

२९ डिसेंबर, सोमवार

झालं. लिहिताना मध्येमध्ये हनुवटीला हात लावून बघतो आहे.

सोमवारी सलून बंद असतं. मष्णू सौम्याच्या सोयरिकीचं बोलायला संकेश्वरला गेला होता. मागच्या अंगणात लाकडी खुर्ची मांडलेली, गरम पाण्याचा तांब्या, स्पिरिटनं पुसून ठेवलेला वस्तरा. नागोजींनी अट घातली, "डोळं मिटून बसायचं. उघडलासा तर मी वस्तरा खाली ठिवनार." मला तेच हवं होतं.

आधी कात्रीनं दाढी उतरली. मग गरम फडकं, मग साबणाचा फेस. नीला उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसली होती आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता. पातं गालाला लागलं तेव्हा मी श्वास घ्यायचा थांबलो. नंतर घ्यावाच लागला.

त्या हाताबद्दल काय लिहावं? ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात म्हणजे जड असणार, रेटणार, असं वाटलं होतं. हा हात जणू गालावर नव्हताच. फक्त पात्याचा गारवा सरकत होता आणि खर्र असा बारीक आवाज. बोटं मऊ. आयुष्यभर साबणाच्या पाण्यात राहून झाली असतील. जवळ आले की शिकेकाईचा वास यायचा. या वयातही ते डोक्याला शिकेकाई लावतात, याचं कौतुक वाटलं. काम करताना ते स्वतःशीच बोलत होते. "आता गाल वर वढून धर. हां. कानाखाली दमानं. घाई न्हाय." जुन्या कारागिरांची तशी रीत असावी. आवाज समोरच्या बाजल्यावरनं आल्यासारखा वाटत होता, पण डोळे मिटले की दिशा कळत नाहीत. एकदा डाव्या कानाला बांगडी लागली. नीला किती जवळ सरकून बसली होती बघा.

डाव्या कानाखाली, टाक्यांच्या खुणेवर, पातं थांबलं. एक बोट त्या खुणेवरनं फिरलं. मग एकच हात, हलका, आणि ती जागा झाली. छत्तीस वर्षं मी ज्या जागेला भ्यालो ती एका श्वासात पार पडली.

"उघडा डोळं," नागोजी म्हणाले. ते समोर उभे होते, हातात मिटलेला वस्तरा. त्यांचे डोळे भरले होते. सौम्या नळावर हात धूत होती.

नीला माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खळी आहे." आणि पर्समधनं कागदाची पुडी काढून माझ्या हातावर साखर ठेवली. आरशात बघितलं. हनुवटी बसकी नाही. खरंच खळी आहे.

नागोजींनी वस्तरा फडक्यात गुंडाळून दिला. फडक्याची गाठ सौम्यानं मारली. ती गाठ तिनं सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. शेवटी मीच मारली.

३१ डिसेंबर

दूधवाल्यानं मला विचारलं, "साहेब घरात आहेत का?" हुबळीहून चिन्मयीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, शेजारी कोण बसलंय?" म्हणाली. मग दहा मिनिटं नुसती हसत होती. लेकीनं बापाला अशा रीतीनं पहिल्यांदा बघावं, याची मला गंमत वाटली.

एक कल्पना सुचली आहे. वस्तरा नुसता काचेत ठेवण्यापेक्षा प्रदर्शनाच्या दिवशी, स्टेजवर, सगळ्यांसमोर नागोजींनी माझी दाढी करावी. तोवर खुंट वाढतीलच, तसाही दुसऱ्या कुणाचा हात मी लावून घेणार नाही. तेजस्वीला फोन केला. ती खूश. नीलाला सांगितलं तर म्हणाली, "नको."

३ जानेवारी २०२६, शनिवार

आमंत्रण द्यायला एकटाच निपाणीला गेलो. सलूनमध्ये मष्णू होता. मी सगळी हकिकत सांगितली. त्यानं हातातली कात्री ठेवली, माझ्याजवळ आला आणि गालावरनं अंगठा फिरवला. केसांच्या दिशेनं, मग उलटा. डाव्या कानाखाली अंगठा बराच वेळ थांबला.

"कुनी केली ही?"

"तुमच्या वडिलांनी."

तो मागच्या दाराकडं बघत उभा राहिला. अंगणात सौम्या कपडे वाळत घालत होती. शेवटी म्हणाला, "आप्पांस्नी न्हेऊ नगासा. वय झालंय त्यांचं."

वडिलांचं कौतुक त्याला सहन होत नाही असं दिसतं. घरोघरी असतं.

नागोजींनाही मी सांगितलं. त्यांनी सौम्याकडं बघितलं आणि म्हणाले, "येतो."

सौम्याच्या हातातली चादर खाली पडली.

७ जानेवारी

नीलाशी भांडण. कारण काय, तर कार्ड. मी लिहिलं होतं: "श्री. नागोजी, वय ८२. हात आजही स्थिर." तिनं वाचलं आणि म्हणाली, "ते 'स्थिर' लिहू नका."

"मग काय लिहू?"

"काहीच लिहू नका."

"तुला त्यांच्या कौतुकाचं एवढं काय वाईट वाटतं?"

"वाईट नाही वाटत हो," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. "मी कुणालातरी शब्द दिलाय म्हणून गप्प बसलेय. एवढंच सांगते." आणि बागेत जाऊन शेवंतीची वाळलेली फुलं खुडत बसली.

कसला शब्द, कुणाला, काही कळलं नाही. संध्याकाळी 'स्थिर' खोडून 'अनुभवी' लिहिलं.

१२ जानेवारी, सोमवार

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहितो.

हॉलात दीडेकशे माणसं. माझे अकरा वस्तरे काचेखाली, बारावा स्टेजवर तबकात. निपाणीहून तिघंही आले होते. मष्णू तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला. तेजस्वीनं माइकवरनं दोन शब्द सांगितले आणि मी खुर्चीत बसलो. या वेळी डोळे उघडे ठेवायचे होते, कारण फोटो काढायचे होते.

फेस सौम्यानं लावला. नागोजींनी वस्तरा उघडला आणि माझ्यावर वाकले.

हात माझ्या गालापासनं वीतभर लांब होता आणि थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नव्हे. वाऱ्यात दोरीवरचं धोतर हलतं तसा. पात्यावरची कुत्री धावत होती.

नागोजींनी माझ्या डोळ्यांत बघितलं, हात खाली घेतला आणि तेजस्वीला म्हणाले, "त्यो माइक हिकडं द्या."

"मंडळी," ते म्हणाले, "ह्या सायबाची दाढी मी केली न्हाय. माझा हात दोन वर्सं झाली असा हाय. त्यास्नी डोळं मिटाय लावून मी फशिवलं. दाढी माझ्या नातीनं केली. मी नुसता बाजल्यावर बसून सांगत हुतो."

शिकेकाई, बांगडी, बाजल्यावरनं येणारा आवाज, सगळं एकदम आपापल्या जागी जाऊन बसलं. आयुष्यातला सर्वांत चुकीचा नकाशा मी याच वहीत काढून ठेवला होता. पहिल्या रांगेत नीला माझ्याकडं बघत होती, निकाल लागायच्या वेळी पोरी उभ्या असतात तशी.

मला राग आला. खरं लिहितो, नागोजींचा नाही आला. त्या दीडशे माणसांचा आला, कारण त्यांच्यासमोर मी खुळा ठरलो होतो. मागं कुणीतरी हसलं. उठून निघून जावं असं वाटलं, पण फेस लावलेल्या माणसाला निघून जाता येत नाही.

सौम्या तबक घेऊन तशीच उभी होती. चेहरा उतरला होता. "काका, चुकलं आमचं," ती हळूच म्हणाली. "आज्जाला तुमास्नी न्हाई म्हणायचं नव्हतं. आणि मला..." तिची नजर वस्तऱ्यावर होती. ती नजर मी ओळखतो. खडेबाजारात अडकित्त्यांच्या ढिगापुढं माझीही तशीच झाली होती.

"सौम्या," मी म्हणालो, "फेस वाळायला लागलाय."

तिसऱ्या रांगेतनं मष्णू उठला. "न्हाय," म्हणत स्टेजवर आला. "एवढ्या मानसांत न्हाय. पोरीची सोयरीक चाललीय. गड्यांच्या गळ्याला वस्तरा लावती म्हनून उद्या लोक बोलतील."

"मष्णू, त्या दिवशी तुम्ही माझ्या गालावरनं अंगठा फिरवलात. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"कशावरनं?"

त्याच्या वडिलांच्या हातात वस्तरा अजून उघडाच होता. "कानाखाली आप्पा दोनदा हात मारत्यात," तो म्हणाला. "मी बी दोनदाच मारतो, त्यांचंच बघून शिकलो. तुमची येका हातात केलती. आमच्या घरात येका हातात कुनालाच जमलं न्हाय आजपातुर."

हे त्यानं माइकशिवाय सांगितलं, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. सौम्यालाही. मला वाटतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मष्णूनं माझ्या गळ्याला हात लावला, हनुवटीखाली कातडी ताणून बघितली. मग मुलीकडं न बघता म्हणाला, "हितं कातडी पातळ हाय. उलटा हात मारू नगंस." आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या गळ्याभोवती स्वतः गुंडाळला.

नागोजींनी नातीच्या हातात वस्तरा दिला.

मी पूर्ण वेळ घाबरलो होतो. पण बघितलं. काम करताना ती जिभेचं टोक दातांत धरते. कानाखाली एकच हात मारते. झाल्यावर मष्णूनं अंगठा फिरवला आणि मान हलवली. कुलुपं मांडलेले गृहस्थ उठून उभे राहिले आणि विचारलं, "माझीपण होईल का?" टाळ्या त्यानंतर पडल्या.

प्रदर्शन संपल्यावर सौम्यानं वस्तरा पुसून, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मला तो हवा होता. अजून हवा आहे. असा दुसरा मला या जन्मी दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी नागोजींना म्हणालो, "अट अशी होती की तुम्ही माझी दाढी करायची. ती झाली नाही. तेव्हा वस्तरा माझा नाही."

"दिलेलं मी परत घेत न्हाय."

"तुम्ही घेऊ नका. तिला घेऊ दे."

म्हातारा खुदकन हसला. सौम्यानं वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि या खेपेला गाठ एकदाच मारली.

बसस्टँडवर त्यांना सोडून घरी येताना नीलाला म्हणालो, "तू त्या दिवशी संकेश्वरला गेली नव्हतीस."

"निपाणीला गेले होते. त्या पोरीला विचारायला, तुझ्यानं होईल का. तिनं माझ्यासमोर आज्जाचीच दाढी करून दाखवली. मग मी हो म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बसला असता?"

"नाही."

"मग," ती म्हणाली. थोडं चालल्यावर पुढं म्हणाली, "आणि मला हनुवटी बघायची होती. चौतीस वर्षं झाली."

२० जानेवारी

तेजस्वी म्हणते, वर्तमानपत्रातला फोटो पाहून संकेश्वरच्या पाहुण्यांनी मष्णूला कळवलं, विचार करून सांगतो. सौम्यानं उलट निरोप धाडला, मीपण विचार करून सांगते.

अकरा वस्तरे परत कपाटात लावले. पुलाचा वस्तरा जरा जास्त वेळ हातात धरला.

८ फेब्रुवारी, रविवार

नीला आणि मी निपाणीला गेलो. सलूनमध्ये मष्णूनं तिसरी खुर्ची टाकली आहे, खिडकीजवळ. तिच्यामागं सौम्या. पार्लरचं काम तिनं सोडलं. पहिल्या आठवड्यात त्या खुर्चीवर कुणी बसेना, तेव्हा नागोजी रोज सकाळी स्वतः तिथं जाऊन बसायचे आणि मोठ्यानं बोलत दाढी करून घ्यायचे, असं मष्णूनं सांगितलं. "आप्पांच्या गालावर आता केसच उरलं न्हाईत," म्हणाला. मग एक ट्रकवाला घाईत होता, तो बसला.

आज बाकावर जागा नव्हती. मी दाराशी उभा राहिलो. तेवढ्यात पाच-सहा जणांच्या घोळक्यातनं एक नवरदेव आला, दुपारी अक्षता. त्याला सगळ्यांच्या आधी घेतलं. सौम्यानं धोकटीतनं फडकं काढलं. शिकारीचा वस्तरा कुणा दुसऱ्याच्या गालावर चालताना मी अजून बघितला नव्हता. खिडकीतलं ऊन पात्यावर पडलं. घोडेस्वार, कुत्री, हरीण फेसातनं वर यायचे, पुन्हा फेसात जायचे. कोरणाऱ्यानं हे चित्र केलं तेव्हा त्यानं ते असं चालताना कधी पाहिलं असेल का, कोण जाणे. मी दारातनं पुढं सरकत सरकत खुर्चीच्या इतका जवळ गेलो की सौम्या म्हणाली, "काका, उजेड अडतोय."

मी मागं झालो. नीला अंगणात नागोजींना चिवडा देत होती. नवरदेव गेला, त्याच्यामागं एक तंबाखूचे व्यापारी बसले, ते झाल्यावर दोन कॉलेजची पोरं. मष्णूची खुर्ची रिकामी होती. तो म्हणाला, "या की सायेब, मी करतो."

"नको," मी म्हणालो. "माझा नंबर तिकडं आहे."